शिड्या मोडणाऱ्या बाई

पुलाच्या अलीकडे तपासणी नाका होता, नाक्याच्या मागे पत्र्याची लांबट शेड होती, आणि त्या शेडमध्ये एक बाई सरकारी पगारावर शिड्या मोडायच्या.

पूल दोन देशांच्या मधल्या नदीवर होता. पलीकडे लाकूड चांगलं, म्हणून शिड्या तिकडून यायच्या. अलीकडे रंग आणि ब्रश चांगले, म्हणून ते इकडून जायचे. दोन्हीकडची भाषा एकच होती. फक्त दोन्हीकडे तिला नावं वेगळी होती, आणि समोरचे लोक ती बिघडवून बोलतात याबद्दल दोन्हीकडे एकमत होतं.

नियम असा होता, की शिड्यांची कुठलीही खेप आली की तिच्यातली एक शिडी काढायची, दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवायची, मधोमध लोखंडी वजनं टांगायला सुरुवात करायची आणि मोडेपर्यंत टांगत राहायचं. दीडशे किलोच्या आत मोडली तर सगळी खेप परत. दीडशेच्या पुढे मोडली तर सगळी खेप पास. मोडायची मात्र दोन्ही बाबतींत. शिडी चांगली होती हे ती मोडल्याशिवाय सिद्ध होत नसे.

नाक्यावर सगळे त्यांना मागे 'मोडबाई' म्हणत आणि तोंडावर 'बाई'. घरी सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून सरकारात आहे." काय करते असं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "शिड्यांचं बघते." मोडते, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. सुनेबद्दल तसं बोललेलं बरं दिसत नाही.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. जाहिरातीत दोन अटी होत्या: विज्ञानाची पदवी आणि वजन किमान पंचावन्न किलो. दुसरी अट का, तर त्यांच्या आधीचे तपासनीस स्वतःच शिडीवर चढून उड्या मारायचे. ते निवृत्त झाले तेव्हा लंगडत निवृत्त झाले. बाईंचं वजन बावन्न होतं. मुलाखतीच्या सकाळी त्या घरून तीन तांबे पाणी पिऊन निघाल्या आणि काट्यावर उभ्या राहीपर्यंत कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. नेमणूक झाली. रुजू व्हायच्या दिवसापर्यंत खात्याने लोखंडी वजनं विकत घेतली होती, त्यामुळे बाईंचं वजन त्यानंतर कोणी विचारलं नाही.

मदतीला एक वजनकाका होते. वीस वीस किलोची आणि शेवटाकडे एक-दोन किलोची वजनं उचलून आकड्याला अडकवायची, मागे सरकायचं, शिडी कडाडली की म्हणायचं, "गेली." दिवसभरात काकांचं बोलणं साधारण तेवढंच. बाई वहीत चार गोष्टी लिहायच्या: शंभर किलोला शिडी किती वाकली, किती किलोला मोडली, कुठे मोडली, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्यात त्या लिहायच्या, 'नाही.'

आता गंमत अशी, की तीच खेप पुलापलीकडून निघतानाही तिकडच्या तपासनिसाने एक शिडी मोडलेली असायची. नमुना तोच, रकाने तेच. दोन्ही देशांनी तो तिसऱ्याच कुठल्या तरी देशाकडून उचलला होता, आणि त्या देशाने तो कधीच बंद केला होता. तिकडचा कागद ट्रकबरोबर इकडे यायचा. इकडचा नियम म्हणत होता की तिकडची तपासणी ग्राह्य नाही, कागद न वाचता फायलीला लावावा. इकडच्या अहवालाची एक प्रत माहितीसाठी तिकडे जायची. तिकडचा नियमही तेच म्हणत होता.

बाई नाकासमोर चालणाऱ्या. पण छापलेला कागद न वाचता फायलीला लावणं त्यांना जमायचं नाही. पहिल्या महिन्यापासून त्या तिकडचे कागद वाचू लागल्या. तिकडे एकशे ब्याऐंशीला मोडली, इकडे एकशे ऐंशीला. तिकडे चौथी पायरी, इकडे पाचवी. एकाच झाडाच्या दोन शिड्या दोन गावांत, दोन दिवसांच्या अंतराने, जवळपास सारख्याच मोडत होत्या. बाईंना ते बघून बरं वाटायचं. आपलं गणित कोणीतरी दुसऱ्या वर्गात बसून सोडवतंय आणि उत्तर जुळतंय, तसं.

पाचव्या वर्षी उत्तर जुळेना. महिनाभर इकडच्या शिड्या तिकडच्यापेक्षा आठ-दहा किलो जास्त वजन पेलत होत्या. साहेब खूश झाले. आपल्या हवेचा गुण, म्हणाले. बाईंनी वजनं टोपलीत घालून पुलाजवळच्या धान्याच्या गोदामात नेली आणि तिथल्या काट्यावर घातली. वीस किलोची वजनं एकोणीसच्या आसपास भरली. वर्षानुवर्षं फरशीवर आपटून त्यांचे टवके उडाले होते. बाईंनी नवी वजनं मागवली, जुन्या अहवालांवर दुरुस्त्या केल्या, आणि तिकडे जाणाऱ्या प्रतीवर शेऱ्याच्या रकान्यात 'नाही'च्या जागी लिहिलं, 'तुमचं बरोबर होतं.'

त्यानंतर तिकडून सात खेपा आल्या. सातही कागदांवर शेरा 'नाही'. आठव्या कागदावर होतं, 'माहीत आहे.'

तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे काय, रकाना बोटभर रुंद. कधी 'लाकूड ओलं, सांभाळून'. कधी 'आज चष्मा बदलला, आकडे पाहून घ्या'. बाईंना मुलगी झाली तेव्हा त्या चार महिने रजेवर होत्या. परत आल्यावर पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'मुलगी.' तिकडून आलं, 'उत्तम. बदलीवर होता त्याला फूटपट्टी धरता येत नव्हती.' कागदावरून माणूस मितभाषी वाटत होता. बाईंच्या डोळ्यांसमोर एक उंच, सुकलेला, ओठ मिटलेला गृहस्थ उभा राहिला होता.

नवरा बस डेपोत गाड्यांच्या वेळा नोंदवायचा. त्याला हे सगळं माहीत होतं. तो म्हणायचा, "माझ्याशी पण रकान्यात बोलत जा. भांडणं लवकर संपतील."

खेपा दोन प्रकारच्या यायच्या. एक मोठ्या कारखान्याच्या. एका ट्रकमध्ये चारशे शिड्या. त्यातली एक तिकडे मोडली, एक इकडे मोडली, कारखान्याला खबरही नसायची. दुसऱ्या खेपा एका मावशींच्या. पलीकडच्या गावात सात-आठ बायका मिळून शिड्या करायच्या, आणि त्यांची म्होरकी म्हणजे या मावशी. टेम्पोत चालकाशेजारी बसून स्वतः यायच्या. त्यांची खेप बारा शिड्यांची, फार तर पंधराची. नियमाला बारा आणि चारशे सारखेच होते. बारातली एक पलीकडे मोडायची, एक अलीकडे. उरायच्या दहा.

बाकीचे व्यापारी माल सोडून चहाला जायचे. मावशी शेडमध्ये येऊन उभ्या राहायच्या. पदर खोचलेला, हातावर रंधा लागल्याच्या जुन्या खुणा. काका वजनं चढवत जायचे, शिडी वाकत जायची, मावशी बघत राहायच्या. 'गेली' झालं की पुढे येऊन विचारायच्या, "चांगली होती ना?"

"चांगली होती," बाई म्हणायच्या.

"किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव."

मावशी मान डोलवायच्या आणि मोडक्या शिडीचे तुकडे टेम्पोत भरायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. या बाईला राग कसा येत नाही, हा प्रश्न मोडबाईंना पडायचा. एकदा त्यांनी विचारलंच. मावशी म्हणाल्या, "राग कोणावर काढू? तुमच्यावर? तुम्ही निदान मोडताना बघता तरी."

एकोणिसाव्या वर्षी मावशींची एक खेप नऊचीच आली. दोघी बायका आजारी होत्या. पलीकडे एक मोडून आठ उरल्या होत्या. बाईंनी एक काढली, घोड्यांवर ठेवली. काकांनी शंभर किलो टांगले. बाईंनी फूटपट्टी लावली. शिडी अडीच सेंटिमीटर वाकली होती. बाईंनी आकडा लिहिला आणि थांबल्या.

"पुढचं लावू?" काकांनी विचारलं. एरवी ते असं विचारत नसत. पण पाच मिनिटं झाली होती.

"थांबा जरा."

अडीच सेंटिमीटर वाकणारी शिडी दोनशेच्या आत मोडत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते सांगता आलं नसतं. स्वयंपाक करणाऱ्याला वासावरून मीठ कळावं, तसं. पण अहवालात तसा रकाना नव्हता. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "लावा." शिडी दोनशे दहाला मोडली. मावशींनी विचारायचं ते विचारलं, बाईंनी सांगायचं ते सांगितलं.

त्या रविवारी बाई ऑफिसात गेल्या आणि एकोणीस वर्षांच्या वह्या दोन पिशव्यांत भरून घरी घेऊन आल्या. वह्या बाहेर नेण्यास मनाई होती, पण वह्या कोणाला तरी हव्याशा वाटतील या समजुतीने ती केलेली होती. जेवणं झाल्यावर त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. तो आकडे वाचणार, त्या खुणा करणार. नवऱ्याला आकडे वाचायची एकच पद्धत येत होती. "दोन पूर्णांक आठ, एकशे नव्वद, सुटलीऽ! चार पूर्णांक एक, एकशे चौतीस, सुटलीऽ!" सासूबाई आतून म्हणाल्या, "गाड्या कुठे चालल्यात एवढ्या?" मुलगी आता आठवीत होती, तिने थोडा वेळ ऐकलं आणि मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली.

चार रविवार लागले. निकाल एका ओळीचा होता. शंभर किलोला जी शिडी तीन सेंटिमीटरच्या आत वाकते, ती दीडशेच्या आत मोडत नाही. एकोणीस वर्षांत एकही मोडली नव्हती. म्हणजे शिडी चांगली की वाईट, हे तिला न मोडता कळत होतं. आणि न मोडता कळत असेल तर एकच कशाला, सगळ्याच तपासता येत होत्या, आणि त्याही माल बनतो तिथेच, एकदाच.

बाईंना आनंद झाला असेल असं कोणालाही वाटेल. त्यांना आधी दुसरंच सुचलं. आजवर किती मोडल्या, ती बेरीज नवऱ्याने केली होती आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती. बाईंनी तो कोपरा फाडून टाकला. नवऱ्याने बघितलं आणि वह्या पिशव्यांत भरायला घेतल्या.

सोमवारी त्यांनी पलीकडे जाणाऱ्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं, 'तीनच्या आत वाकलेली एकही दीडशेच्या आत मोडली नाही. तुमच्याकडे?'

तिकडून आलं, 'बघतो.' पाच आठवड्यांनी आलं, 'माझ्याकडेही एकही नाही. बायको म्हणते, हे आधी का नाही पाहिलं. उत्तर नाही.'

बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेब सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा "अरे वा" म्हणाले, आणि म्हणाले, "बाई, हे वरच्या पातळीवर न्यायला हवं." मग ते उठले आणि कागद कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून आले.

तिथे तो दीड वर्ष राहिला. तेवढ्या काळात शेजारच्या सात देशांनी एकत्र येऊन ठरवलं, की आपापसातला व्यापार मोकळा करायचा, प्रगती सगळ्यांना बरोबर घेऊन करायची, नव्या कल्पनांना वाव द्यायचा आणि झाडंझुडपं राखायची. इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं. पुढे प्रत्येक वस्तूची उपसमिती नेमायची होती. नाक्यावर पत्र आलं: 'शिडी, स्टूल व तत्सम वस्तू' उपसमितीसाठी एक जाणकार पाठवावा. परिषद तिसऱ्याच देशाच्या राजधानीत, तीन दिवस. साहेबांची जायची फार इच्छा होती. पण शिडीबद्दल कोणी प्रश्न विचारला तर, या विचाराने त्यांनी अंग काढून घेतलं आणि बाईंचं नाव कळवलं. कपाटातला कागद त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढून दिला.

सभागृह एका मोठ्या हॉटेलात होतं. बाई आपल्या देशाच्या पाटीमागे जाऊन बसल्या, तर शेजारच्या पाटीमागून आवाज आला.

"तुम्हीच ना? अक्षरावरून मला वाटायचं उंच असाल! मी ओळखलं तुम्हाला, पिशवीत फूटपट्टी दिसली. बसा, बसा. काय प्रवास झाला माझा म्हणून सांगू! आधी ती गाडी उशिरा, मग शेजारी एक गृहस्थ, त्यांचा कबुतरांचा धंदा..."

पलीकडचे तपासनीस बुटके, गोल आणि अखंड बोलणारे होते. पंधरा वर्षं बोटभर रकान्यात कोंबलेलं सगळं त्यांना सांगायचं होतं. कबुतरं झाली, बायकोचं गुडघेदुखीचं औषध झालं, तो फूटपट्टी न धरता येणारा बदलीवरचा माणूस झाला. बाई ऐकत होत्या. चहाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "तुम्ही कागदावर एवढं कमी का लिहायचात?"

"रकाना लहान हो," ते म्हणाले.

पहिला दिवस वस्तूचं नाव ठरवण्यात गेला. अलीकडचे लोक शिडी म्हणतात, पलीकडचे निसण. एका देशाचं म्हणणं, शिडी म्हणजे उचलता येणारी आणि निसण म्हणजे टेकवून ठेवलेली. दुसऱ्याने विचारलं, मग टेकवलेली उचलली तर? जेवणानंतरही घोडं तिथेच अडलेलं. शेवटी अध्यक्षबाईंनी 'चढण्याचं साधन' असं लिहून घेतलं, आणि जिना त्यात येतो की नाही हा मुद्दा पुढच्या वर्षावर गेला. अध्यक्षबाई अशा समित्यांवर अकरा वर्षं काढलेल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची पाळी आली. त्यांनी आकडे वाचून दाखवले. पलीकडच्यांनी आपले वाचले. मध्येच कबुतरांकडे वळले, बाईंनी टेबलावर फूटपट्टी वाजवली, ते परत आले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एका मोठ्या देशाचे सल्लागार बोलले. देह भारदस्त, आवाज मऊ. ते म्हणाले, कल्पना हृद्य आहे. पण वाकण्यावरून मोडणं ओळखायचं, हे थोडं ज्योतिषासारखं होतं. त्यापेक्षा त्यांच्याकडे एक यंत्र आहे. ते मोडतंही आणि छापूनही देतं.

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं. सभागृहाच्या कोपऱ्यात हॉटेलचा वायरमन शिडीवर चढून दिवा बदलत होता.

"ती शिडी मिळेल का?" बाईंनी विचारलं.

वायरमन खाली उतरला. शिडी दोन टेबलांच्या मध्ये आडवी ठेवली गेली. बाई सल्लागारांकडे वळल्या. "आपलं वजन किती?"

सल्लागार म्हणाले, "शंभरला दोन कमी."

"बॅग हातात घ्या आणि मधोमध बसा. हळू."

सल्लागार दिलदार निघाले. बॅग मांडीवर घेऊन ते शिडीवर बसले. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि शिडीखाली फूटपट्टी धरली. पलीकडचे तपासनीस पहिल्यांदाच गप्प झाले.

"साडेपाच," बाई म्हणाल्या. "उतरा."

"म्हणजे ही तुमच्या हिशेबाने..."

"आधी उतरा, मग सांगते."

ते उतरले. बाईंनी आग विझवायच्या वाळूच्या बादल्या मागवल्या. एक एक बादली काट्यावर मोजून घेतली आणि टांगायला सुरुवात केली. सवयीने त्या मागे बघायच्या, पण काका तिथे नव्हते; बादल्या उचलत होते दोन देशांचे उपसचिव. शंभर झाले. एकशे दहा झाले. एकशे एकोणीसला शिडी अशी कडाडली, की बाहेरचे सुरक्षारक्षक आत धावत आले. वाळू गालिचाभर पसरली.

"गेली," पलीकडचे तपासनीस म्हणाले.

वायरमन भिंतीला टेकून उभा होता. आठ वर्षं तो त्या शिडीवर चढत होता. त्याला कोणीतरी खुर्ची दिली. तो बसला आणि बराच वेळ आपल्याच पायांकडे बघत राहिला. मग बाईंजवळ येऊन म्हणाला, "गोदामात अजून चार आहेत. बघता का?" जेवणाच्या सुट्टीत बाईंनी चारही बघितल्या. तीन चांगल्या निघाल्या.

दुपारी अध्यक्षबाईंनी छापील तक्ता पुढे ओढला. त्यात चार चौकटी होत्या, आणि प्रत्येक प्रस्ताव त्यांतल्या निदान एकीत बसावा लागे. त्या मोठ्याने बोलत लिहू लागल्या. "खुला व्यापार: दोनदा तपासणीऐवजी एकदा, जिथे माल बनतो तिथेच. नवकल्पना: न मोडता तपासणी. पर्यावरण: लाकूड वाचतं." मग त्यांनी पेन थांबवलं. "सर्वसमावेशक वाढ. याचं काय?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना भाषण येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "चारशे शिड्यांच्या कारखान्याच्या दोन मोडतात. बारावाल्या बायकांच्याही दोनच मोडतात."

अध्यक्षबाईंनी ते वाक्य होतं तसं चौथ्या चौकटीत उतरवलं. मग चष्मा काढून तो तक्ता त्यांनी पुन्हा एकदा वाचला. अकरा वर्षांत चारही चौकटी भरलेला तक्ता त्यांनी पाहिला नव्हता. आपल्या हातून काही चूक तर होत नाही ना, असं त्यांनी सचिवांना विचारलं. नाही, म्हणाले. ठराव चार मिनिटांत पास झाला. नंतर अर्धा तास गालिचा कोणी भरून द्यायचा यावर चर्चा झाली आणि ती अनिर्णित राहिली.

प्रत्यक्षात नियम बदलायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत बाईंनी रोजच्यासारख्या शिड्या मोडल्या. मोडायची गरज नाही हे सात देशांना मान्य होतं, पण परिपत्रक आलं नव्हतं. बाईंच्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट काळ. पूर्वी माहीत नव्हतं तोवर ठीक. आता प्रत्येक 'गेली' कानात बसायची. मावशी आल्या की बाई आपणहून पुढे होऊन तुकडे उचलायला लागायच्या. "राहू द्या हो," मावशी म्हणायच्या, "मला सवय आहे."

अखेर परिपत्रक आलं. साहेबांना वरून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यांनी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं, आणि बाईंना बोलावून दाखवलं, कारण ते मनाने खरंच चांगले होते. त्याच टपालात आणखी एक पत्र होतं. शिड्यांची तपासणी यापुढे माल बनतो तिथे, म्हणजे पलीकडे, एकदाच होईल. सबब अलीकडचा शिडी विभाग बंद.

बाईंनी पत्र वाचलं. हे होणार हे त्यांना त्या चौथ्या रविवारीच कळलं होतं. नवऱ्यालाही कळलं होतं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "स्वतःच्या हाताने केलंस."

"हो."

"बरं केलंस." आणि त्याने चहा टाकला.

पलीकडचे तपासनीस त्याच महिन्यात निवृत्त झाले. त्यांचं पत्र आलं, सतरा पानी, रकाने नसलेलं. वजनकाकांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि ती मिळाली. नाक्यासमोरच्या चहावाल्याचं मात्र कंबरडं मोडलं. शिड्यांचे ट्रक आता थांबतच नव्हते. मोकळ्या व्यापाराबद्दल त्याचं मत कोणी विचारलं नाही. पण तो येईल-जाईल त्याला सांगत होता. सहा महिन्यांनी त्याने टपरी पुढच्या वळणावर नेली, जिथे पंक्चर काढून मिळायचं. लोक थांबतील अशी तीच एक जागा उरली होती.

नव्या नियमाने मावशींची पहिली खेप आली तेव्हा बाई शेडमधलं सामान यादीप्रमाणे बांधत होत्या. टेम्पो सरळ पुढे जायला मोकळा होता, पण मावशींनी तो थांबवला आणि आत आल्या.

"बारा आहेत," त्या म्हणाल्या.

"बाराच्या बारा?"

"मोजा."

बाई बाहेर आल्या. मोजायची काही गरज नव्हती, पण त्यांनी मोजल्या. बारा होत्या. मावशी टेम्पोला हात लावून उभ्या होत्या. आता पुढे काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. इतक्या वर्षांत इथून पुढे जायच्या आधी नेहमी काहीतरी मोडायचं.

"जा आता," बाई म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला, मग स्वतःवरच वैतागल्यासारख्या म्हणाल्या, "धूळ फार हो तुमच्याकडे." आणि गाडीत चढता चढता म्हणाल्या, "आणखी तिघींना कामाला घेतलंय. एक अगदी नवशिकी आहे, पण हात बरा आहे."

टेम्पो गेला. बाईंनी फाटकापर्यंत जाऊन पाहिलं, मग उरलेल्या वजनांची यादी पूर्ण केली आणि सही केली.

पुढच्या सोमवारपासून त्यांची बदली पहिल्या मजल्यावर, बादली विभागात झाली. तिथे नियम असा, की बादलीत पंधरा किलो वाळू भरायची आणि कडी धरून यंत्राने ती पाच हजार वेळा वरखाली करायची. मोजायला एक माणूस लागतो. बाईंनी खुर्ची यंत्रासमोर ओढली, नवी वही उघडली आणि मोजू लागल्या. संध्याकाळी ऑफिस सुटायची वेळ झाली तेव्हा तीन हजार एकशे सहा झाले होते. कडी शाबूत होती. बाईंनी आकडा लिहिला, यंत्र बंद केलं, आणि उरलेलं उद्यावर ठेवून घरी गेल्या.